शिवराळ अंजीर

अंजिराला काय लागतं असं विचारलं तर कृषी खात्याचा माणूस सांगेल, निचऱ्याची जमीन, कोरडी हवा आणि बेताचं पाणी. बरोबर आहे त्याचं. पण कळसच्या अंजिराला याखेरीज आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे दगडाबाईची शिवी. काडी चोरून तोडायची, दगडाबाईनं ती तोडताना बघायचं आणि मग तोंड सोडायचं. एवढं झालं तर काडी फुटते. नाहीतर ती पिशवीत उभ्या उभ्या वाळते आणि आपण येड्यासारखं रोज पाणी घालत बसतो.

हसायचं असेल तर हसून घ्या. आमच्या घरी याच्यावर कुणी हसत नाही.

मी रणजित, काटेवाडीचा. ऊस आहे, भाजीपाला आहे, गाई आहेत आणि या सगळ्याचं वाटोळं करायला जुन्या अंजिरांचा नाद आहे. सासवडकडची अंजिरं सगळ्यांकडे असतात. आम्हाला हवी असतात ती कुणाकडेच नसलेली. या नादाच्या माणसाला लाज उरत नाही. रस्त्यानं जाताना भिंतीवरून अंजिराचं पान दिसलं की गाडी आपोआप थांबते आणि आपण पाणी मागायला आत शिरतो. इंदापुरात एका अनोळखी माणसाच्या तेराव्याला मी पोटभर जेवलोय, का तर त्यांच्या परसात एक झाड होतं. निघताना कळलं की ते उंबर आहे.

असे आम्ही पाचपन्नास जण मिळून ‘दुर्मिळ अंजीर जतन मंडळ’ झालंय. अध्यक्ष सणसरचे आबासाहेब. त्यांच्या बागेत प्रत्येक झाडापुढं नावाची पाटी आहे आणि पाटीवर झाडापेक्षा आबासाहेबांचं नाव मोठं आहे. माणूस तसा वाईट नाही, पण मला त्यांचा राग येतो. मला तसा सगळ्यांचाच राग येतो. माझी बायको स्वरूपा म्हणते, “कुकर तरी शिट्टी दिऊन सांगतो. तुमचं तेवढं पण न्हाय.”

तर कळसचं शिवराळ अंजीर. वरून हिरवट, आत गडद लाल. आधी गोड लागतं आणि मग कुणी जिभेला चिमटा काढावा तसं होतं. हे झाड आमच्या विहिरीवर होतं. वडिलांनी तरुणपणी दगडाबाईच्या दारातून काडी चोरली होती आणि “तुझी तिरडी बाभळीच्या काट्यांची बांधीन” ही शिवी खाऊन सायकलवर घरी आले होते. पाहुणे आले की लोक पोरांची मार्कं सांगतात, आमचे वडील ती शिवी सांगायचे. पुढं पाणी आलं, ऊस आला, आणि झाड सरीच्या आड येतं म्हणून वडिलांनीच ते तोडलं. मी शाळेत होतो. हमसून हमसून रडलो आणि रात्री जेवलो नाही. आजही विहिरीवर गेलो की पाणी सुटतं, तोंडाला आणि डोळ्यांना, दोन्ही एकदमच.

सगळीकडं तेच झालं. चोरून नेलेली सगळी झाडं उसानं खाल्ली. उरलं ते एकच, दगडाबाईच्या दारातलं मूळ झाड, आणि त्याच्या खोडाला किडा लागला. अर्धं झाड वाळलं. ते जायच्या आत एक तरी काडी जगवायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दुसरं काही सुचत नव्हतं.

मी आणि आबासाहेब एका सकाळी कळसला गेलो. रीतीप्रमाणं मी कुंपणाच्या मागून वाकत वाकत झाडाशी गेलो, कोयती काढली आणि मुद्दाम खोकलो. दगडाबाई दारात आली. बुटकी, वाळकी, कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ. मी डोळे मिटून तयारीत राहिलो.

“माउली,” ती म्हणाली, “ती कवळी हाय. पलीकडची जून फांदी घ्या. थांबा, खुर्ची आणते.”

तिनं खरोखर खुर्ची आणली. वर आबासाहेबांना म्हणाली, “तुमी धरा, माउली पडतील.” काड्यांना हळदीकुंकू लावून, ओल्या फडक्यात गुंडाळून आमच्या हातात दिल्या आणि चहाला बसवलं. आबासाहेबांचा चेहरा कुणीतरी गेल्यासारखा झाला होता. चहा पिऊन आम्ही परत आलो.

सगळ्या काड्या वाळल्या. मुळ्या फुटायची पावडर लावलेल्याही वाळल्या. बारामतीच्या एका शिकलेल्या माणसानं सांगितलं की झाड रोगट आहे म्हणून काड्या जगत नाहीत. असेलही. पण त्याच रोगट झाडाला त्या उन्हाळ्यात अंजिरं लागली होती, ती मी खाल्ली होती, आणि जीभ चिमटली नव्हती. नुसतीच गोड, साखरेच्या पाण्यासारखी. मग मी काय समजायचं?

मंडळाची तातडीची बैठक झाली. ठराव एकमतानं मंजूर झाला की श्रीमती दगडाबाई यांनी पूर्ववत शिव्या द्याव्यात यासाठी प्रयत्न करावेत.

प्रयत्न झाले. आबासाहेब चपला घालून तिच्या तुळशीपाशी उभे राहिले. पाय भाजतात म्हणून चपला काढवत नसतील असं समजून तिनं अंगणात पाणी शिंपडलं. एकानं तिच्या मेथीत शेळी सोडली. तिनं शेळीला पाणी पाजलं. मी तिच्या घरी जेवलो आणि भाकरी कच्ची आहे असं तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, “व्हय माउली, माझंच चुकलं,” आणि दुसरी टाकली. ती भाकरी खाताना मला माझीच लाज वाटली. शेवटी मंडळानं भांडणात नावाजलेली एक बाई शोधून कळसच्या नळावर पाठवली. दुपारी ती बाई दगडाबाईच्या ओसरीवर डोळे पुसत बसलेली सापडली. पुढच्या एकादशीला तिनंही माळ घातली.

मग आबासाहेबांनी पर्यायी शिव्यांचा प्रयोग केला. घरी आपल्या बायकोला पिशव्यांसमोर बसवून रोज सकाळी काड्यांना शिव्या द्यायला लावल्या. काड्या वाळल्या, पण वहिनींना सवय लागली. आता आबासाहेब सकाळचा चहा बाहेर घेतात.

कोडं सोडवलं ते दगडाबाईची धाकटी सून राजनंदिनी हिनं. मी असाच एकदा गेलो होतो. म्हातारी देवळात होती. राजनंदिनी गोठ्यात होती, ती हातातलं काम टाकून आली.

“तुमी काय बी करा दादा, त्या न्हाय दिणार शिवी,” ती म्हणाली. “आमाला तरी बरं वाटतंय व्हय? आदी भाजीत मीठ जास्त झालं तर शेजारच्या वस्तीवर ऐकू जायाचं. आता गप जेवत्यात. बरं झालंय का वाईट झालंय कळत न्हाय. घर खाया उटतंय.”

मग तिनं सगळं सांगितलं. झाड मूळचं निमगावचं, दगडाबाईच्या माहेरचं. दत्तोबा, म्हणजे राजनंदिनीचे सासरे, तिला बघायला गेले होते. हात धुवायला म्हणून परसात गेले, तिथं अंजिराची काडी मोडली आणि धोतरात खोचली. दगडाबाईनं खिडकीतून बघितलं आणि असं तोंड सोडलं की बाहेर पाहुण्यांचे हात पोह्यांत थांबले. बाप शरमेनं खाली बघत बसला. तेवढ्यात दत्तोबा कंबर खाजवत बाहेर आले, अंजिराचा चीक लागला होता, आणि म्हणाले, “पोरगी पसंत हाय.” काडी कळसला लागली. त्यानंतर संसारभर ती रोज शिव्या घालायची आणि ते रोज हसायचे. चोराला शिव्या घालायची रीत तिथून पडली.

“आन् मग?” मी विचारलं.

“मग मामा इहिरीवरची मोटार चालू कराया निघालं दुपारच्याला. टावेल इसरलं. ऊन ह्ये एवढं. ह्या दारातनं वरडल्या, ‘मुडदा बशिवला तुजा, टावेल कोण नेनार? जा, येऊच नगं परत!’” राजनंदिनीनं पदर तोंडाला लावला. “मोटारीपाशीच पडलं. आलंच न्हाईत. त्या दिसापास्नं ह्यांच्या तोंडात शिवी न्हाय. म्हनत्यात, माजं तोंड इखारी हाय.”

 आम्ही काड्यांसाठी त्या बाईच्या मेथीत शेळी सोडली होती.

हे मी मंडळात सांगितलं.  मग आबासाहेबांना ती कल्पना सुचली, जी फक्त सत्कारात हयात गेलेल्या माणसालाच सुचू शकते. ते म्हणाले, “तिच्या शिवीनं मानूस मरत न्हाय हे तिला दाखवू की. आख्ख्या दोन तालुक्यांत तिच्या शिव्या खाल्लेली मानसं हाईत. जित्ती. गोळा करा.”

आणि आम्ही गोळा केली. टेम्पो भरून म्हातारे कळसला नेले. दगडाबाईच्या अंगणात मांडव घातला, खुर्च्या मांडल्या, माईक लावला. मागं फलक लावला, ‘शापित बांधवांचा भव्य सत्कार’. आबासाहेब स्वतः सूत्रसंचालनाला.

एकेक म्हातारा काठी टेकत पुढं यायचा, माईकवर आपली शिवी सांगायचा आणि शाल घ्यायचा. सणसरचा एक म्हणाला, “मला म्हनली हुती, तुज्या जिभंला किडं पडतील. गेली चाळीस वर्सं गावच्या सभंत मीच बोलतोय, इचारा कुनाला बी.” एक म्हणाला, “मला म्हनली, दात पडून हातात यील. आला, पन पंच्याऐंशीव्या वर्सी.” एकाला शिवी होती की तुझं नाव घ्यायला कुणी उरणार नाही. त्याची नातवंडं-पतवंडं दुसऱ्या टेम्पोत होती, ती सगळी उभी केली.

दगडाबाई ओसरीच्या खांबाला टेकून बघत होती. हळूहळू तिचा चेहरा उजळला. ती एकेकाला ओळखायला लागली, आणि नावानं नव्हे, शिवीनं. “त्यो जिभंचं किडंवाला न्हवं? लई काड्या मोडल्या हुत्या तू.” माझी पाळी आली तेव्हा मी माईकवर सांगितलं, “मी बाभळीच्या तिरडीवाल्यांचा मुलगा. वडील गेले, पण लई म्हातारं हून गेले. चहात साखर कमी हाय म्हणून कुरकुरत गेले.” ती हसली. मांडवातले सगळे हसले. मला वाटलं जमलं.

मग तिनं मांडवावरून एक नजर फिरवली. खुर्च्या मोजाव्यात तशी.

“समदी आली,” ती म्हणाली. “त्यो न्हाय आला.”

आबासाहेबांनी माईक बंद केला. म्हाताऱ्यांनी शाली आवरल्या. कुणी कुणाकडं बघेना. टेम्पो निघाले.

मी मागं राहिलो. का, ते मलाच कळत नव्हतं. झाडाला आता एकच ओली फांदी होती आणि म्हातारी खांबाला तशीच टेकून होती, आणि माझ्या डोक्यात राग चढत चालला होता. झाडाचा, किड्याचा, उसाचा, माझ्या वडिलांचा. आणि मग सगळा राग एका माणसावर जाऊन बसला.

“तुमच्या शिवीनं न्हाय मेला तो!” मी ओरडलो. “बीपीच्या गोळ्या गाईच्या दावणीत टाकायचा. राजनंदिनीला सापडल्यात. डॉक्टर म्हणाले उन्हात फिरू नको, तर भर दुपारी मोटार चालू कराया गेला. बिड्या सोडल्या न्हाईत. भाड्या सोताच्या मनानं मेला आन् आळ तुमच्यावर टाकून गेला!”

“कोन भाड्या?” दगडाबाईनं शांतपणे विचारलं.

“दत्तोबा! दुसरा कोण?”

तिनं गळ्यातली माळ मुठीत धरली. वर बघितलं. “इठ्ठला,” ती म्हणाली, “जरा कान झाक.”

आणि मग तिनं तोंड सोडलं.

“माज्या नवऱ्याला भाड्या म्हनतुस? माज्या दारात हुबं ऱ्हाऊन? आरं मुडद्या, खापरतोंड्या, तुजी तिरडी उसाच्या पाचटाची बांदीन आन् तुज्याच पोराकडनं पेटवीन! त्याला भाड्या म्हनायचा मक्ता माजा हाय, आख्ख्या जल्माचा! तुज्या तोंडात माती पडली, तुजं अंजीर किड्यानं खाल्लं, तुज्या घरी कावळा शिवना...”

मी ती ओली फांदी कधी मोडली मला आठवत नाही. चीक कोपरापर्यंत आला होता. राजनंदिनी पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि दारातच रडायला लागली, आनंदानं. गेलेला टेम्पो उलटा मागं मागं येऊन फाटकाशी थांबला आणि त्यातले म्हातारे माना डोलवत ऐकत होते. एक जण म्हणाला, “हिला म्हनत्यात शिवी.”

मी काडी शर्टात खोचली, गाडीला किक मारली. आणि एकदम आवाज बंद झाला. मागं बघितलं तर दगडाबाईनं गाडीचं कॅरिअर दोन्ही हातांनी धरलं होतं. चेहरा पांढरा पडला होता.

“जाऊ नगं,” ती म्हणाली. “मी काय बोलले? काय बोलले मी? बस हितं. जायाचं न्हाय.”

तिनं मला ऊन उतरेपर्यंत ओसरीवर बसवून ठेवलं. माझ्या डोक्यावर ओला टॉवेल टाकला. शेवटी सोडलं ते एका अटीवर, की घरी पोचलो की फोन करायचा आणि रोज सकाळी तिचा फोन उचलायचा.

तिथून ते सुरू झालं. रोज सकाळी मी गोठ्यात असताना फोन वाजायचा.

“हाईस का?”

“हाय, आजी.”

फोन बंद. हाल नाही, हवाल नाही. पिकाची चौकशी नाही. स्वरूपा म्हणायची, “माजी आई पन एवडा फोन करत न्हाय.” काडी मी विहिरीवर, वडिलांनी झाड तोडलं होतं तिथंच लावली. ती फुटतही नव्हती आणि वाळतही नव्हती. नखानं साल खरवडली की आत हिरवी, बस्स. मी दिवसातून सतरांदा जाऊन बघायचो. मग एका आषाढातल्या सकाळी फोनवर नेहमीचं “हाईस का?” झाल्यावर ती थांबली. “झाड पडलं रातच्या वाऱ्यानं,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. आता जगात जे काही होतं ते माझ्या विहिरीवरच्या काडीत होतं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, आणि स्वरूपानंही आग्रह केला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी पहाटेच विहिरीवर गेलो आणि काडीवर एक डोळा फुटलेला दिसला. मुंगीच्या कानाएवढं हिरवं टोक. मी तिथंच चिखलात बसलो. किती वेळ बसलो देव जाणे. उन्हं वर आली, गाई हंबरायला लागल्या, माझं कशात लक्ष नव्हतं. फोन घरी उशाशी होता आणि स्वरूपा डेअरीला गेली होती.

मला भान आलं ते स्कूटीच्या आवाजानं. बांधावरून राजनंदिनी स्कूटी रेटत आणत होती आणि तिच्या पुढं, अनवाणी, पदर सुटलेला, दगडाबाई धावत येत होती. कळसवरून काटेवाडीपर्यंत ती त्या स्कूटीवर कशी बसली असेल कोण जाणे. तिनं मला बघितलं. मी चिखलात मांडी घालून बसलेला, धडधाकट.

ती थबकली. तिला धाप लागली होती. मग तिनं माळ बिळ काही धरली नाही.

“मुडद्या! फोन उचलाया हात झडलं व्हय तुजं? मी तितं दारात हुबी, वाट बगून डोळ्याच्या खाचा झाल्या, आन् तू हितं बसलाईस? सांगून जाया काय झालतं? एवडं सांगता येत न्हाय व्हय रं भाड्या? मी काय आडवनार हुते? टावेल इसरलास म्हनून वरडले. टावेलासाटी वरडले रं! जा म्हनलं म्हनून कुनी खरंच जातं व्हय?”

मी उठून उभा राहिलो. पायाशी ते हिरवं टोक होतं, ते तिला दाखवायचं मी सोडून दिलं. स्वरूपा डेअरीवरून आली होती. तिनं आमच्या वाळलेल्या काड्यांच्या सगळ्या पिशव्या उचलून आणल्या आणि दगडाबाईसमोर ओळीनं मांडल्या. म्हातारी थांबली नाही. शिव्या देत होती आणि रडत होती, आणि माझ्या दंडावर मुठीनं मारत होती.

मी मान खाली घालून उभा राहिलो. त्या शिव्या माझ्या नव्हत्या, पण त्या घ्यायला दुसरं कुणी नव्हतं.